गोणपाटाची फुलं

"हे फूल नाही, पायपुसणं झालंय," आई म्हणाली आणि लेकीच्या हातातलं गोणपाटाचं फूल घेऊन सरळ उसवायला लागली.

लेकीने कपाळावर हात मारला. लग्न तोंडावर आलेलं, कमानीला ढीगभर फुलं लागणार, आणि टोपलीत जेमतेम मूठभर.

"अगं, लांबून कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना."

आई शिवणकाम करायची आणि सगळी गल्ली तिला एक्सप्रेस म्हणायची. गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंत ही बाई अस्तर लावून, बटणं टाचून मोकळी. तीच एक्सप्रेस आता एकेका फुलापाशी रेंगाळत होती. वर सुई हरवायची, चष्मा शोधायची, मध्येच उठून खिडकी पुसायची.

खरं तर हे काम त्यांच्या वाट्याला यायचंच नव्हतं. हॉल आणि जेवण यांतच खिसा रिकामा झाला होता, पण ओळखीचा एक सजावटवाला कमी पैशांत तयार झाला होता. बाकीच्यांचे भाव ऐकूनच घाम फुटायचा. आणि लेक रजा घेऊन घरी आली त्याच संध्याकाळी आईने सांगितलं, "त्याने हात वर केले गं. दुसरं मोठं काम मिळालं असेल."

लेकीने तावातावाने फोन उचलला, तर आईने तो काढून घेतला. "लग्नघरात भांडण नको. आपणच करू."

"भेटू दे मला तो. अशी खरडपट्टी काढते की बस!"

मैत्रिणींबरोबरची खरेदी, भटकणं, सगळे बेत पाण्यात गेले. नशीब एवढंच की माळ्यावर रिकाम्या बाटल्यांची खोकी निघाली, घासूनपुसून लखलखीत. "जमवत होते," आई म्हणाली. सुतळीचं भलंमोठं बंडलही घरातच होतं. शिवणकाम करणारीच्या घरी काय सापडेल याचा नेम नाही, असं म्हणून लेकीने ते विषय सोडून दिले.

गावरान थाटाची सजावट ही हौस लेकीचीच. गोणपाट, सुतळी, बाटल्यांत वाळलेलं गवत, जुनी लाकडी शिडी. शिडी वरच्या मजल्यावरच्या काकांनी दिली. "लग्न झाल्यावर परत केली नाहीत तर उपकार होतील," असंही ते म्हणाले.

"आम्ही जन्मभर गोणपाटातून बाहेर यायला धडपडलो," आई म्हणाली, "आणि तुला लग्नात गोणपाटच हवं!"

लेक हसली. किती वर्षांनी दोघी अशा समोरासमोर बसल्या होत्या कोण जाणे. दुसऱ्या शहरातली नोकरी लागल्यापासून बोलणं म्हणजे फोन. जेवलीस का? हो. बरी आहेस ना? हो, ठेवते, काम आहे. आईला त्याचा राग नव्हता. लेकीला मात्र आता ते आठवून कसंतरीच झालं.

हात चालू लागले तसं बोलणंही सैल झालं. आईने कधी न सांगितलेलं सांगितलं. लग्नाच्या दिवशी बाबा मित्राचा मागून आणलेला कोट घालून आले होते आणि त्याच्या बाह्या पार बोटांपर्यंत येत होत्या. "दारातच उभं करून टाचल्या. त्यांच्यासाठी घातलेला पहिला टाका तो." बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. आईने आणखी एक फूल उसवायला घेतलं.

"आई," लेक एकदम म्हणाली, "मला भीती वाटते."

"कशाची?"

"लग्नानंतर त्याच्याबरोबर परदेशी जायची. एवढा समुद्र ओलांडून. तो कामाला जाईल आणि मी चार भिंतींकडे बघत बसेन. मी कुणालाच बोलले नाही. त्यालाही नाही."

आईची सुई थांबली. पण तिने मान वर केली नाही.

"त्याला सांग."

"आणि हसला तर?"

"हसला तर मला कळव. मी येऊन त्याला उसवते."

दोघी हसता हसता रडल्या. संध्याकाळी लेकीने होणाऱ्या नवऱ्याला एका दमात सगळं सांगून टाकलं. तो हसला नाही. तोही मनातून घाबरलाच होता आणि तिला सांगायला लाजत होता. फोन ठेवला तेव्हा तिचं ओझं निम्मं उतरलं होतं.

त्यानंतर आईच्या अंगात काय संचारलं कळेना. तिने एकही फूल उसवलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी टोपली ओसंडून वाहू लागली.

लग्नाच्या दिवशी हॉल असा काही दिसत होता की पाहुणे नवरा-नवरीला सोडून कमानीचेच फोटो काढत होते. काकांच्या शिडीवर बाटल्या ओळीने उभ्या होत्या. त्या गर्दीत लेकीला सजावटवाला दिसला. नवे कपडे घालून, मान तिरकी करून तो गोणपाटाची फुलं न्याहाळत होता.

ती तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बरे आलात तोंड दाखवायला!"

"तुमच्या आईंनी आग्रहाने बोलावलं, ताई."

"आईने? तुम्ही ऐन वेळी हात वर केलेत, तरी?"

तो ओशाळला. आई लांब पाहुण्यांत अडकलीय याची त्याने खात्री करून घेतली.

"आता सांगायला हरकत नाही," तो हळूच म्हणाला. "माझं सामान तयार होतं. या बाटल्या, ती सुतळी, सगळं माझंच. तुमच्या आई स्वतः दुकानात आल्या आणि म्हणाल्या, 'तेवढं नाही म्हणा हो. लेकीशेजारी बसायला मला दुसरं निमित्त नाही.'"