राखून ठेवलेला एक्का

आज ब्रिजचा हा डाव बुडाला, तर सासूबाई स्पर्धेसाठी दुसरा भिडू शोधणार होत्या. बोली माझी होती. तेरापैकी नऊ हात मलाच करायचे होते. डावीकडच्या काकांनी बदाम टाकलं. सासूबाईंनी आपली पानं मी खेळावीत म्हणून उघडी मांडली, रडणारं बाळ माझ्याकडून घेतलं आणि नियमाप्रमाणे डमी म्हणून गप्प झाल्या. "उरका, सूनबाई! बदामचा एक्का समोरच तर पडलाय," काका हसत म्हणाले. मी माझी पानं पालथी ठेवून विचार केला. सासूबाईंकडे चौकटची लांब रांग होती. विरोधकांचा चौकटचा एक्का निघाल्यावरच ती चालणार, आणि तेव्हा खेळी सासूबाईंच्या पानांकडे न्यायला बदामचा एक्का शिल्लक हवा. मी हातातला बदामचा राजा घातला. काकांचं हसू मावळलं. बरोबर नऊ हात झाले. सासूबाई बाळाला थोपटत म्हणाल्या, "स्पर्धेच्या हॉलमध्ये पाळणा कुठे ठेवता येईल, विचारून घे गं."