बाबांचा शर्ट
विज्ञान प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस! विषय होता, ॲस्बेस्टॉसऐवजी काचेचे तंतू घातलेले ब्रेक लायनर. बाबांच्या कारखान्यात आता तेच बनतात, त्यामुळे सगळी माहिती घरबसल्या मिळाली. दवाखान्यात आईचा नंबर येईपर्यंत मी ती सिस्टरलाही ऐकवली. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं फुप्फुसं खराब झालीत. कुठल्या कारखान्यात होतात तुम्ही?" आई हसली. "अहो, मी कुठली जातेय कारखान्यात? घरीच असते. तिथे हे जातात. धुळीचं हिला विचारा, बक्षीस मिळालंय!" मला उत्तर येत होतं. इतकी वर्षं बाबा आले की आई त्यांचा धुळीनं माखलेला शर्ट गॅलरीत झटकायची, मगच भिजवायची. पण बाबा शेजारीच बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी उत्तर गिळलं. "सांग ना," आई म्हणाली. तेवढ्यात बाबा अंगातला स्वच्छ शर्ट झटकायला लागले.