सेरवाचं वजन

“वजनाचे ठोकळे आणले नाहीत,” बादू हेल्मेट काढत म्हणाला. “पूल वाहून गेलाय. मोटरसायकलवर एवढं लोखंड कुठे बांधणार?”

तवियाचा जीव भांड्यात पडला. गावचा कोको विकत घेणारा कारकून तो, आणि त्याचा काटा तपासायला आलेला हा बादू. परदेशी चॉकलेट ‘शेतकऱ्याला पुरं मोल’ असा शिक्का मिरवतं, ते याच्या सहीवर. काटा खोटा निघाला तर गावाचा शिक्का जाणार आणि तविया थेट कुमासी शहरातल्या तुरुंगात.

आणि काटा खोटाच होता. मागच्या सुगीत तवियाने स्वतःच्या हाताने आतला स्क्रू पिळला होता. पोत्यामागे शेतकऱ्याचे चार किलो गडप. त्या पैशावर त्याने घराला नवा पत्रा चढवला. यंदा मात्र माल पोचवायच्या डेपोत त्याचीच पोती कमी भरत होती आणि तूट त्याच्या कमिशनमधून कापली जात होती. डेपोवाला चोरावर मोर निघाला म्हणून तो महिनोन्‌महिने दातओठ खात होता. लबाडाला दुसऱ्याची लबाडी फार झोंबते.

“एखाद्या माणसालाच चढवा की,” बाकावरून म्हातारा अपाऊ म्हणाला. “सेरवा आत्ताच दवाखान्यातून वजन करून आलीय.”

सेरवाला सातवा महिना लागला होता. तिची स्वतःची कोकोची झाडं होती, शिवाय रोज सकाळी हे गोदाम झाडायचं कामही तिच्याकडेच होतं.

“सहासष्ट,” ती म्हणाली. “नंतर मक्याच्या केंकेचा एक गोळा खाल्ला, तो धरू नका.”

“पोटुशी बाई ती,” तविया घाईने म्हणाला. “काट्यावरून पडली-बिडली तर?”

“एवढी काळजी माझ्या नवऱ्यानंही कधी केली नाही हो.”

लोक हसले. सेरवा पोत्याच्या जागी चढून उभी राहिली.

तवियाने डोळे मिटले. बासष्ट दिसणार. संध्याकाळी बायकोला काय सांगायचं, ते काही केल्या सुचेना.

“सत्तर,” बादू म्हणाला.

त्याने तिला उतरवलं, पुन्हा चढवलं. पुन्हा सत्तर.

“कारकून, अहो, हा काटा शेतकऱ्याचं वजन वाढवून दाखवतोय! पोत्यामागे चार किलो तुमच्या खिशातून जाताहेत. अख्ख्या सुगीत कळलं नाही तुम्हाला?”



“देवमाणूस आहेत ते,” अपाऊ म्हणाला. “यांची बदली नका करू.”

उतरताना सेरवाने आधारासाठी तवियाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्यापुरतंच म्हणाली, “मागच्या वर्षीचं फिटत आलंय, कारकूनदादा. सुगी संपली की काटा सरळ करून ठेवते.”