कड सरकवू नका

"माझा अणू खोटा आहे, बाबा. मी तो काढून टाकते," सून म्हणाली आणि सासरेबुवांच्या हातातला कप बशीवर आदळला.

त्यांचा आपल्या कानांवर विश्वासच बसेना. कालपर्यंत हीच पोरगी जेवतानाही त्या अणूबद्दल बोलत होती. तो स्फटिक तिने डोळ्यांत तेल घालून वाढवला होता. संस्थेतली तिची नोकरी कायम व्हायची ती याच शोधावर, आणि उद्या शोधनिबंध पाठवायचा होता. आणि आज म्हणे, काढून टाकते!

"खोटा कशावरून?"

"असेल एखादी लाट. धातूच्या जवळच आहे ना."

सासरेबुवा निवृत्त झाले होते, पण स्फटिकांचा विषय निघाला की अजूनही भल्याभल्यांची बोलती बंद करत. स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे, विखुरलेले किरण मोजायचे आणि त्यावरून आतले अणू कुठे बसलेत त्याचा नकाशा काढायचा, यात त्यांची हयात गेली होती. मोजणी कुठेतरी थांबवावीच लागते. जिथे थांबली ती कड. त्या कडेपायी नकाशात जड धातूभोवती खोट्या लाटा उठतात आणि एखादी लाट हुबेहूब अणूसारखी दिसते. विद्यार्थी तिला भूत म्हणत. लांबवर मोजणारी नवी यंत्रं आल्यावर भूत ओळखायची युक्ती सासरेबुवांनीच सगळ्यांना शिकवली. कड मागेपुढे करून बघा. भूत जागा सोडतं, खरा अणू ढिम्म हलत नाही.

"मग कड सरकव की. किती वेळ लागतो?"

"नको."

"नको म्हणजे?"

"तुम्ही खोटा म्हणून टाका, बाबा. मी ऐकते."

सासरेबुवांचा पारा चढला. एवढी हुशार सून ऐन वेळी कच खाते, याचं त्यांना फार वाईट वाटलं. याच पदार्थाच्या स्फटिकात, याच धातूच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी स्वतः तरुणपणी एक अणू शोधला होता. तो पाठ्यपुस्तकांत छापून आला होता. त्याचं चित्र समोरच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं आणि नात येईल त्या पाहुण्याला हाताला धरून 'आजोबांचा अणू' दाखवायला न्यायची. तो काय त्यांनी असा भीतभीत शोधला होता?

"हो बाजूला," म्हणत त्यांनी तिचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर स्वतःकडे ओढला. तिने त्यांचं मनगट धरलं. लग्न होऊन घरात आल्यापासून तिने असं कधी केलं नव्हतं.

"बाबा, पाया पडते तुमच्या. कड सरकवू नका."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि पडद्यावरची कड सरकवायची पट्टी पुढे ओढली. नकाशा नव्याने उमटला. तिचा अणू जागच्या जागी होता. पट्टी मागे नेली. तरी तिथेच.

"अगं वेडे, खरा आहे! शंभर टक्के खरा!" आनंदाने त्यांचा आवाज चिरकला. "उगाच जीव काढलास माझा."

सून हसली नाही. तिने मान खाली घातली होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

सासरेबुवा गोंधळले. त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. या वेळी धातूच्या दुसऱ्या बाजूला. पट्टी हलवली तसा तिथला, भिंतीवरच्या चित्रातला ठिपका हलला. त्यांनी पट्टी शेवटपर्यंत ओढली. ठिपका धातूकडे घसरत गेला, फिका पडला आणि विरून गेला.

"तुला माहीत होतं?" कसंबसं त्यांनी विचारलं.

"काल कळलं. माझा अणू छापून आला की जो तो कड सरकवून बघणार, बाबा," ती म्हणाली. "म्हणून म्हटलं, माझाच खोटा असू दे."