मागचा टायर

अपघातात सापडलेल्या गाड्या विकायचा माझा धंदा. गिऱ्हाईक आलं की आधी भाव विचारतं आणि मग नाक मुरडतं. या बाईंनी दोन्ही केलं नाही. मोटारसायकलच्या चेपलेल्या टाकीवरून हात फिरवत म्हणाल्या, "धडकायच्या आधी ब्रेक दाबला होता का हो?"

"काकू, इंजिन बघा, चेसिस बघा. गाडी घ्यायला आलात की पंचनामा करायला?"

"कळू शकतं का, तेवढं सांगा."

आता मलाही राहवेना. गाडी स्टँडला लावली, खाली बसलो आणि मागचं चाक हळूहळू फिरवलं. टायर तसा नवाकोरा होता, पण एका जागी त्याची नक्षी पार घासून सपाट झाली होती.

"हे बघा. चाक फिरायचं थांबलं आणि तसंच रस्त्यावर फरफटत गेलं. चालवणाऱ्यानं जीव खाऊन ब्रेक दाबलाय."

"नक्की?"

"धंद्याची शपथ."

त्यांनी त्या सपाट जागेवर बोट ठेवलं, ते काढेचनात.

"मग घेताय ना? भावाचं बघू आपण."

"गाडी नको. हा टायर तेवढा काढून द्या," त्या म्हणाल्या. "मुलगा आता बोलायला लागलाय, पण त्या दिवसाचं त्याला काहीच आठवत नाही. 'आई, मी मुद्दाम तर नाही ना धडकलो?' असं रोज विचारतो."