ओला निरोप

दूर उत्तरेत, आलमबागच्या एका कंपनीत पद्मा केळुसकर पत्रव्यवहार सांभाळायची. सत्त्याण्णव साली तिच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर आला. फोनवरचे निरोप, फॅक्स, ईमेल, सगळं आता त्यातच जमा होई.

सोमवारी सकाळी पहिलाच निरोप आवाजाचा होता. तिने हेडफोन लावला. कुणीतरी मचमच चावत होतं, मध्येच लाळ ओढत होतं. तिला शिसारी आली.

"निगमजी, ज़रा ये सुनिए." तिने शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना हेडफोन दिला.

"इसमें तो कुछ भी नहीं है, मैडम."

त्याच नंबरावरून फॅक्सही आला होता. तिने तो छापला. वासलेलं तोंड, किडके दात आणि जिभेला चिकटलेले लांब केस. कागदाला उष्ट्याचा आंबूस वास येत होता. तिने तो चिमटीत धरून टोपलीत टाकला.

मग तिने ईमेल उघडला. त्या ऑफिसात तिच्याशिवाय कुणालाच मराठी येत नव्हतं, आणि तिथे इंग्रजी अक्षरांत एकच मराठी ओळ होती : "हलू नकोस गं, घशात अडकतंय."

तिचा हात आपसूक पाठीमागे गेला. वेणी ताणलेली होती, आणि तिचं टोक ओलं, कोमट लागलं.