थंड रंग

"दादा, लाव दिवा," बहीण म्हणाली.

दादाने लावला. वर्ग लालेलाल झाला. टेबलावरच्या मीटरचा काटा मात्र ढिम्म हलला नाही.

बहिणीला या शाळेत नोकरी हवी, तर आजचा नमुना तास रंगायलाच हवा होता. मागच्या बाकावर निवड समिती बसली होती. शाळेचा दिवा सकाळीच उडाला, म्हणून तिने नाटकांना प्रकाश देणाऱ्या थोरल्या भावाला हाक मारली, आणि तो आपला सगळ्यात दांडगा दिवा घेऊन धावत आला. काळ्या डबीतल्या धातूच्या पत्र्यावर प्रकाश पाडायचा. पत्र्यातून इलेक्ट्रॉन सुटले की काटा सरकणार, एवढंच तर होतं.

दादाने दिवा पूर्ण वाढवला. पुढच्या बाकावरची मुलं डोळे चोळू लागली. काटा जागच्या जागी.

"उमेदवार, वेळ चाललाय," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"लाल काच का लावलीस?" बहिणीने हळूच विचारलं.

"अगं, लाल म्हणजे आग! निळा आमच्यात थंड रंग. चांदणं दाखवायला लावतो. त्याने काय होणार, कप्पाळ?"

तिचे डोळे चमकले. ती वर्गाकडे वळली. "बघितलंत? लाल कितीही ओता, पालथ्या घड्यावर पाणी! दादा, आता निळी काच टाक. आणि दिवा अगदी मंद कर."

मंद? पोरगी हातची नोकरी घालवणार, असं दादाला वाटलं. तरी त्याने काच बदलली. फिकट निळा कवडसा डबीवर पडला न पडला, तोच काटा हलला.

"हलला!" सगळ्यात मोठ्याने दादाच ओरडला. कुणी न सांगता त्याने दिवा वाढवला. काटा सरसर पुढे गेला.

"म्हणजे उजेड वाढवला की प्रत्येक इलेक्ट्रॉन जास्त जोरात सुटतो, असंच ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही, सर."

दादा दिव्याआडून तिला डोळ्यांनी खुणावू लागला. अध्यक्षांनाच नाही म्हणते!

तिने इलेक्ट्रॉनांना अडवणाऱ्या उलट्या विद्युतदाबाचं बटण फिरवलं. काटा उतरत उतरत शून्यावर आला. तिने बटणाशी खडूने खूण केली. मग दादाकडून दिवा मंद करवून तेच पुन्हा केलं. काटा शून्यावर आला, तेव्हा बटण नेमकं त्याच खुणेवर होतं.

"उजेड वाढला की सुटणारे वाढतात. एकेकाचा जोर तेवढाच राहतो. तो जोर ठरवतो रंग. लालाचा धक्का इलेक्ट्रॉन सुटायलाच पुरत नाही, निळ्याचा पुरतो."

"मला बघू द्या," म्हणत अध्यक्ष टेबलापाशी आले. त्यांनी स्वतः बटण फिरवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मुलं बाकांवर चढली होती. तास संपल्याची घंटा झाली, तरी कुणी जागचं हललं नाही.

अखेर दादा वायर गुंडाळू लागला.

"असू द्या ते," अध्यक्ष म्हणाले. "सोमवारी दुसऱ्या तुकडीला दाखवताना बाईंना लागेल."

कोणत्या बाई, म्हणून दादाने मागे वळून पाहिलं.